पंटवर पिवळा फ्लॅग का पडतो? अमेरिकन फुटबॉलमधील पंचांच्या निर्णयांचा टप्प्याटप्प्याने उलगडा

अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे जाण्यासाठी संघाला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, मिळतात. तिसऱ्या डाउनपर्यंत ते साधले नाही, तर चौथ्या डाउनवर बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला शक्य तितके मागे ढकलतात. हाच पंट. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहून एनएफएलची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगची, गोडी लागलेल्या मराठी माणसालाही ही खेळी चहा टाकायला उठण्याची वेळ वाटते. पंचांना मात्र याच खेळीत सर्वाधिक दक्ष राहावे लागते, कारण खेळी सुरू होते तेव्हा चेंडू एका संघाचा असतो आणि संपते तेव्हा बहुधा दुसऱ्याचा. मधल्या काही सेकंदांत तो कोणाचाच नसतो.

त्यामुळे पंटवरचा कोणताही फ्लॅग, म्हणजे पंचांनी फाउलवर टाकलेला पिवळा रुमाल, समजून घ्यायचा असेल, तर ‘कोणी कोणाला काय केले’ या प्रश्नाने सुरुवात करून चालत नाही. आधी पाहायचे ते हे, की कृती घडली त्या क्षणी चेंडू कोणत्या अवस्थेत होता: स्नॅप (खेळी सुरू करण्यासाठी चेंडू मागे देणे) व्हायचा होता, पंटरच्या हातात होता, हवेत होता, कोणाचा तरी स्पर्श होऊन जमिनीवर घरंगळत होता, की कोणाच्या ताब्यात आला होता. अवस्था ठरली की त्या अवस्थेत नियम कोणाला संरक्षण देतात ते पाहायचे, आणि शेवटी दंड कुठून मोजायचा ते ठरवायचे. पुढचा लेख याच क्रमाने जातो. एनएफएल आणि कॉलेज फुटबॉल यांचे नियम जिथे वेगळे आहेत, तिथे तसे सांगितले आहे.

पंच कुठे उभे असतात

एनएफएलमध्ये सात पंच असतात. पांढरी टोपी घातलेला मुख्य रेफरी पंटवर पंटरच्या लाथ मारणाऱ्या पायाच्या बाजूला, थोडा मागे उभा राहतो आणि चेंडू उडाल्यावरही त्याची नजर पंटरवरच असते. चेंडू कुठे पडला हे त्याला अनेकदा नंतरच कळते. डाउन जज आणि लाइन जज स्क्रिमेज रेषेच्या, म्हणजे खेळी जिथून सुरू होते त्या रेषेच्या, दोन टोकांना असतात. रेषेवर कोण लवकर हलले आणि लाथाडलेला चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, हे ते पाहतात. फील्ड जज, साइड जज आणि बॅक जज खोलवर, चेंडू घेणाऱ्या खेळाडूच्या आसपास असतात. प्रेक्षकाने टीव्हीवर चेंडूचा पाठलाग करण्याऐवजी एखाद्या पंटला नुसते रेफरीकडे पाहावे. निम्मे फ्लॅग पडण्याआधीच ओळखू येतात.

स्नॅपपूर्वी

इथे विचार करण्यासारखे फारसे काही नसते. फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधी हलणे), ऑफसाइड (रेषा आधीच ओलांडणे), चुकीची रचना, वेळकाढूपणा हे सारे पाच यार्डांचे दंड आहेत. आकडा लहान असला तरी परिणाम लहान नसतो. चौथा डाउन आणि चार यार्ड हवे असताना बचाव करणाऱ्या संघाचा एखादा खेळाडू ऑफसाइड झाला, तर पंटसाठी मैदानात आलेल्या संघाला बसल्याजागी पहिला डाउन, म्हणजे नवे चार प्रयत्न, मिळतो. म्हणूनच पंटर कधीकधी आवाज चढवून प्रतिस्पर्ध्याला फसवू पाहतो. मात्र स्नॅपची नक्कल होईल असे झटके त्याने किंवा त्याच्या साथीदारांनी दिले, तर फ्लॅग त्यांच्यावरच पडतो.

स्नॅपनंतर लगेच एक फरक लक्षात ठेवावा लागतो. एनएफएलमध्ये चेंडू प्रत्यक्ष लाथाडला जाईपर्यंत पंट करणाऱ्या संघाचे फक्त दोन टोकांचे खेळाडू, म्हणजे बहुधा गनर (पंटमागे सर्वांत आधी धावत जाणारे), रेषेपलीकडे धावू शकतात. इतर कोणी आधी निसटला तर पाच यार्ड जातात. कॉलेजमध्ये हे बंधन नाही. स्नॅप होताच सगळेच धावू शकतात. कॉलेजचे पंट पसरट रचनेतून आणि पंटरपुढे तिघांची भिंत उभी करून का मारले जातात, याचे बरेचसे उत्तर या एका फरकात आहे. कॉलेजमध्ये आणखी एक संरक्षण आहे. खाली वाकून दोन पायांमधून चेंडू फेकणाऱ्या लाँग स्नॅपरला समोरच्या खेळाडूने स्नॅपनंतर एक सेकंद जाईपर्यंत स्वतःहून धडक द्यायची नसते. दिली तर पंधरा यार्ड.

पंटरचे संरक्षण: पाच यार्ड की पंधरा

पंटवरचा सर्वांत वादग्रस्त निर्णय हाच. नियमात दोन वेगळे फाउल आहेत. ‘रनिंग इंटू द किकर’ म्हणजे पंटरला जाऊन भिडणे. त्याला पाच यार्ड. ‘रफिंग द किकर’ म्हणजे त्याला दुखापत होऊ शकेल अशा रीतीने आदळणे. त्याला पंधरा यार्ड आणि आपोआप पहिला डाउन. प्रेक्षक धडकेचा जोर पाहून अंदाज बांधतात. रेफरी मात्र आधी पाय पाहतो.

पंटर चेंडू मारतो तेव्हा त्याचा एक पाय जमिनीवर रोवलेला असतो आणि दुसरा हवेत वर गेलेला असतो. लाथ मारणारा पाय अजून हवेत असताना बचावपटू रोवलेल्या पायावर आदळला, तर एनएफएलमध्ये ते रफिंग आहे, कारण त्या क्षणी पंटरचे सगळे वजन त्या एका गुडघ्यावर असते आणि त्याला सावरायला काहीच उरत नाही. हवेतल्या, लाथ मारणाऱ्या पायाला धक्का लागला तर ते रनिंग इंटू. बचावपटू घसरत पंटरच्या खाली गेला आणि त्यामुळे पंटरला दोन्ही पाय जमिनीवर टेकता आले नाहीत, तरीही रनिंग इंटूच. पंटरचे दोन्ही पाय टेकले आणि त्यानंतर कोणी येऊन आदळले, तर पुन्हा रफिंग. पण स्पर्श किरकोळ असेल तर काहीच नाही. आणि पाय टेकलेला पंटर आधीच जमिनीवर पडलेल्या बचावपटूला अडखळून कोसळला, तर तेही फाउल नाही. टीव्हीवरच्या संथ चित्रणात पंटर उलटापालटा झालेला दिसतो, सारे स्टेडियम ओरडते आणि रेफरी फ्लॅगला हातही लावत नाही, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

पाय पाहून झाल्यावर रेफरी दुसरा प्रश्न विचारतो: पंटरला या वेळी संरक्षण होते का? बचावपटूने आधी हवेतला चेंडू अडवला आणि त्या ओघात सहज स्पर्श झाला, तर माफ. त्याला पंट करणाऱ्या संघाच्याच खेळाडूने पंटरवर ढकलले, तर माफ. पंटरच स्वतःच्या हालचालीने त्याच्यावर येऊन आदळला, तर माफ. स्नॅप हातातून सुटून जमिनीवर पडला आणि पंटरने तो उचलून मारला, किंवा बाजूला धावत जाऊन रग्बीच्या पद्धतीने मारला, तर एनएफएलमध्ये ते संरक्षण उरत नाही. समोरून येणाऱ्याला हा माणूस धावणार आहे की मारणार, हे कळायला मार्गच नसतो. कॉलेजमध्ये यासाठी मोजता येईल अशी सीमा आखली आहे. चेंडू घेऊन पंटर टॅकल बॉक्सच्या, म्हणजे स्नॅपरच्या मागच्या ठरावीक पट्ट्याच्या, बाहेर गेला की त्याचे खास संरक्षण संपते.

चेंडू अडवल्याची सूट सगळ्यांना मिळते असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. कॉलेजच्या नियमांत ती सूट अडवणाऱ्यालाच आहे. एकाने चेंडू अडवला आणि दुसराच येऊन पंटरवर कोसळला, तर फ्लॅग पडतो. आणि पंटरने धक्का लागल्याचे सोंग केले, तर दंड त्यालाच होतो. अभिनयात मुरलेले पंटर कमी नाहीत, म्हणून रेफरीला ही शंकाही मनात ठेवावी लागते.

पाच आणि पंधरा यार्डांतला फरक डाउनच्या गणितात कसा उतरतो ते पाहा. चौथा डाउन, आठ यार्ड हवे आहेत. रनिंग इंटू झाले, तर दंड स्वीकारून चौथा डाउन आणि तीन यार्ड मिळतात; प्रशिक्षकाने मग पुन्हा पंट मारावा, की धाडस करून पुढे जावे, की झालेला पंट चांगला असल्याने दंड नाकारावा, हे तो ठरवतो. तेच रफिंग असेल तर विचार करायला काही उरत नाही: पहिला डाउन, आणि बचाव करणारा संघ पुन्हा मैदानात.

चेंडू हवेत असताना: झेलणाऱ्याचा हक्क

चेंडू उडाला की संरक्षण पंटरकडून झेल घेणाऱ्याकडे सरकते. एनएफएलमध्ये चेंडू हवेत असेपर्यंत तो झेलू पाहणाऱ्याला, किंवा त्याच्या वाटेला, पंट करणाऱ्या संघाने अडथळा आणायचा नसतो. फेअर कॅचची (फक्त झेलणार, धावणार नाही अशी) खूण केलेली असो वा नसो, हा हक्क असतोच. शरीराचा स्पर्श झालाच पाहिजे असेही नाही. वाटेत उभे राहून त्याला वळसा घालायला लावला तरी तो अडथळा ठरतो. दंड पंधरा यार्ड. कॉलेजमध्ये पूर्वी झेलणाऱ्याभोवती दोन यार्डांचे मोकळे वर्तुळ ठेवण्याचा नियम होता, तो 2003 मध्ये रद्द झाला. आता तिथे झेलणाऱ्याच्या खांद्यांएवढी रुंद आणि त्याच्यासमोर एक यार्ड लांब अशी पट्टी मोकळी ठेवावी लागते, आणि शंका असेल तेव्हा फाउल द्यावा असे नियमच सांगतो. अपवाद एकच, पण महत्त्वाचा: प्रतिस्पर्ध्यानेच गनरला झेलणाऱ्यावर ढकलले असेल, तर गनरचा दोष नाही. चेंडू जमिनीवर आपटला की हा हक्क संपतो.

फेअर कॅचची वैध खूण म्हणजे एक हात डोक्याच्या वर पूर्ण ताणून बाजूबाजूला हलवणे. हात अर्धवट वर नेला, चेहऱ्यासमोर हलवला, तर एनएफएलमध्ये खूण अवैध ठरून पाच यार्ड जातात. वैध खूण केल्यावर चेंडू हातातून निसटला, तरी तो जमिनीला लागेपर्यंत पकडण्याची संधी त्याला असते.

या नियमाचे वजन किती, हे 19 डिसेंबर 2024 रोजी लॉस एंजेलिस चार्जर्स आणि डेन्व्हर ब्रॉन्कोज यांच्या सामन्यात दिसले. पहिल्या अर्ध्याची शेवटची काही सेकंदे उरली असताना डेन्व्हरने पंट मारला. चार्जर्सच्या डेरियस डेव्हिसने फेअर कॅचची खूण केली होती, आणि डेन्व्हरचा ट्रेमन स्मिथ त्याच्या झेलाच्या आड आला. घड्याळ शून्यावर पोहोचले होते, पण फ्लॅग मैदानावर होता. चेंडू चार्जर्सच्या 38 यार्ड रेषेजवळ होता. पंधरा यार्डांनी तो डेन्व्हरच्या 47 यार्ड रेषेवर गेला. एनएफएलमध्ये फेअर कॅच मिळालेल्या संघाला बचावाच्या अडथळ्याविना गोलसाठी मोकळी किक मारण्याचा जुना, जवळपास विसरलेला पर्याय आहे. कॉलेजमध्ये तो नाही. दंड नसता तर ती किक 72 यार्डांची झाली असती, म्हणजे कोणी मारलीच नसती. दंडामुळे ती 57 यार्डांची झाली आणि कॅमेरन डिकरने ती साधली. अशी किक यशस्वी होण्याची एनएफएलमधली ती 1976 नंतरची पहिलीच वेळ होती. चार्जर्सनी पुढे सामना 34–27 असा जिंकला.

बीन बॅग आणि पहिला स्पर्श

मैदानावर पिवळ्या फ्लॅगऐवजी छोटी पिशवी पडलेली दिसली, तर तो दंड नव्हे. रेषेपलीकडे गेलेल्या चेंडूला घेणाऱ्या संघाच्या कोणाचाही स्पर्श होण्याआधी पंट करणाऱ्या संघाने हात लावला, की पंच त्या जागी बीन बॅग टाकतो. घेणाऱ्या संघाला ती जागा राखून ठेवल्यासारखी मिळते. समजा, गनरने चेंडू त्यांच्या 3 यार्ड रेषेवर मागे ढकलला, घेणाऱ्या संघाच्या खेळाडूने तो उचलला, धावला आणि पुढे हातातून घालवला. प्रतिस्पर्ध्याने चेंडू मिळवला तरी घेणारा संघ पुन्हा 3 यार्ड रेषेवर जाऊन चेंडू मागू शकतो. अशा वेळी धावून पाहण्यात तोटा जवळपास नसतो. तरीही कित्येक खेळाडू चेंडूपासून लांब पळताना दिसतात, ही मला प्रशिक्षणातली उणीव वाटते. कॉलेजमध्ये त्याच खेळीत नंतर एखादा दंड स्वीकारला गेला, तर हा हक्क रद्द होतो.

याच्या उलट बाजूला खरा धोका आहे. घेणाऱ्या संघाच्या कोणाच्याही पायाला, पोटरीला, पाठीला चेंडू लागला, की तो मोकळा झाला आणि पंट करणारा संघ तो मिळवून ताब्यात ठेवू शकतो. स्पर्श झालाच का, अशी शंका असेल तर कॉलेजचा नियम ‘झाला नाही’ असे मानायला सांगतो. प्रतिस्पर्ध्याने ढकलून चेंडूवर पाडलेल्या खेळाडूचा स्पर्श तिथे स्पर्श धरला जात नाही.

गोलरेषेजवळ दोन्ही नियम फारकत घेतात. एनएफएलमध्ये चेंडूला हात लावणाऱ्या गनरच्या शरीराचा कोणताही भाग गोलरेषेला किंवा एंड झोनला (गोलरेषेमागच्या पट्ट्याला) टेकला असेल, तर टचबॅक होऊन चेंडू 20 यार्ड रेषेवर जातो. कॉलेजमध्ये खेळाडू कुठे उभा आहे यापेक्षा चेंडू कुठे आहे हे महत्त्वाचे. एंड झोनमध्ये उभे राहून, रेषा न ओलांडलेला चेंडू बाहेर ढकललेला तिथे चालतो. त्यामुळे शनिवारी कॉलेजमध्ये शाबासकी मिळवणारी हालचाल रविवारी एनएफएलमध्ये सतरा यार्डांचे नुकसान करू शकते.

गनर आणि त्याला अडवणारे

मैदानाच्या कडेला गनर आणि त्याला रोखणारे एक-दोन खेळाडू हातापायी करत धावत असतात. तिथल्या प्रत्येक ओढाताणीवर फ्लॅग टाकायचा ठरवले तर एकही पंट धड पुरा होणार नाही. म्हणून पंच पाहतात ते पकडीमुळे गनरची वाट खरोखर तुटली का: खांदा वळला, जर्सी ताणली गेली, पाऊल मागे पडले. होल्डिंगला आणि पाठीवरून ढकलण्याला दहा यार्ड. चेंडूच्या विरुद्ध कडेला, खेळीवर परिणाम न करणाऱ्या पकडीकडे बहुधा काणाडोळा होतो. पण पाठीवर दिलेली जोरदार धडक कुठेही झाली तरी माफ होत नाही. स्वतःहून मैदानाबाहेर जाऊन परत आत येणाऱ्या गनरलाही पाच यार्डांचा दंड आहे. ढकलल्यामुळे बाहेर गेलेल्याने मात्र लगेच आत यायचे असते.

पंटचे नाटक करून पास फेकला जातो तेव्हाही प्रेक्षकांची फसगत होते. पंटच्या रचनेत गनरला अडवणे हे बचावपटूचे कामच असते, त्यामुळे एनएफएलमध्ये अशा रचनेत चेंडू लाथाडला जाईपर्यंत टोकाच्या खेळाडूबाबत पास अडवण्याचा नेहमीचा नियम लागू होत नाही. चेंडू हवेत असताना गनरला ढकलले म्हणून फ्लॅग मागणारा समालोचक हा अपवाद विसरलेला असतो. धरून ठेवल्याचा फाउल तरीही देता येतो.

दंड कुठून मोजायचा

फाउल ओळखणे सोपे, मोजणी अवघड. फाउल पंट करणाऱ्या संघाचा असेल, तर घेणाऱ्या संघाला बहुधा निवड मिळते: दंड मूळ जागेपासून मोजून पंट पुन्हा मारायला लावायचा, किंवा खेळी जिथे संपली तिथून आपल्या बाजूने तेवढे यार्ड घ्यायचे. समजा, स्वतःच्या 30 यार्ड रेषेवरून मारलेल्या पंटवर होल्डिंग झाले आणि परतीची धाव घेणाऱ्या संघाच्या 35 यार्ड रेषेवर थांबली. दहा यार्ड जोडून 45 वर चेंडू घेणे बहुतेकांना पटते. पण तोच पंट 4 यार्ड रेषेवर अडकवला गेला असेल, तर प्रतिस्पर्ध्याला 20 वर मागे नेऊन पुन्हा मारायला लावणे शहाणपणाचे.

फाउल घेणाऱ्या संघाचा असेल तेव्हा अवस्थेचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. पंट रेषेपलीकडे गेला, फाउल किक संपण्याआधी झाला आणि पुढचा डाउन घेणारा संघच खेळणार असेल, तर कॉलेजचे नियम चेंडू जणू आधीच त्यांचा झाला असे मानतात आणि दंड किक जिथे संपली त्या जागेपासून मोजतात. किक 20 यार्ड रेषेवर संपली आणि होल्डिंग 35 वर झाले, तर 20 पासून दहा मागे, म्हणजे 10 यार्ड रेषा. होल्डिंग किक संपलेल्या जागेच्याही मागे, 12 वर झाले, तर मोजणी 12 पासून. पण दंड गोलरेषेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही, म्हणून चेंडू 6 वर. हा विचार नसता, तर प्रत्येक पकडीवर पंट करणाऱ्या संघाला चौथा डाउन पुन्हा मिळाला असता आणि परतीच्या धावेला अर्थच उरला नसता. रफिंग यातून सुटते, कारण तिथे चेंडू पंट करणाऱ्या संघाकडेच राहतो. पंट करणाऱ्या संघाने स्वतःच्या एंड झोनमध्ये होल्डिंग केले, तर थेट सेफ्टी: प्रतिस्पर्ध्याला दोन गुण.

घड्याळासाठी केलेले फाउल

हीच सेफ्टी काही प्रशिक्षकांनी हत्यार म्हणून वापरली. 3 फेब्रुवारी 2013 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, बारा सेकंद उरली असताना बाल्टिमोर रेव्हन्सचा पंटर सॅम कोच चेंडू न मारता एंड झोनमध्ये फिरत राहिला आणि बाहेर गेला. दोन गुण गेले, पण चारच सेकंदे उरली. सामना 34–31 असा त्यांचाच झाला. 27 नोव्हेंबर 2016 रोजी सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध त्यांनी याहून पुढची पायरी गाठली. कोच चेंडू घेऊन वेळ काढत असताना त्याच्या साथीदारांनी समोरच्यांना उघडउघड धरून ठेवले आणि घड्याळ संपेपर्यंत सोडले नाही. दंड झाला तरी निकाल सेफ्टीच होता, म्हणून 19–14 वर सामना संपला. 2017 पासून एकाच खेळीत घड्याळ खाण्यासाठी अनेक फाउल करणे हे खिलाडूवृत्तीविरुद्धचे वर्तन ठरले: पंधरा यार्ड, आणि वेळ परत.

तरी एक फट उरली होती. स्नॅपपूर्वीच्या दंडानंतर, चौथ्या क्वार्टरची शेवटची पाच मिनिटे लागण्याआधी, घड्याळ रेफरीच्या इशाऱ्यावर पुन्हा चालू होत असे. 2019 च्या हंगामात न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी न्यू यॉर्क जेट्सविरुद्ध पंटच्या रचनेत मुद्दाम असे दंड घेऊन वेळ काढला. 4 जानेवारी 2020 च्या प्लेऑफ सामन्यात टेनेसी टायटन्सचे प्रशिक्षक माइक व्रेबेल यांनी तीच युक्ती पॅट्रियट्सवर उलटवली, आणि मैदानाच्या कडेला संतापलेले बेलिचिक सगळ्यांनी पाहिले. त्याच वर्षी लीगने ही फटही बुजवली. आता पंटसाठी उभा असलेला आघाडीवरचा संघ वेळ संपवण्यासाठी लागोपाठ पाच-पाच यार्ड देऊ लागला, तर रेफरी यार्ड मोजण्याबरोबरच घड्याळही पाहतो आणि वेळ वाया जाऊ देत नाही.